जाझ व रॉक तबकड्यांचा संग्रह

जुनीं नाणीं, पोस्टाचीं तिकिटें आणि ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या हे तिन्ही छंद लोक एकाच माळेंत ओंवतात. पहिल्या दोहोंविषयीं तें ठीक असेल. तिसऱ्याविषयीं, निदान जाझ संगीताच्या तबकड्यांविषयीं, हा हिशेब चुकतो. तिकिटानें पत्र पोंचविण्याचें आपलें काम केव्हांच उरकलेलें असतें. तबकडीचें काम ती जोंवर वाजते तोंवर चालूच असतें. म्हणून तिचा संग्रह कसा करावा, कशासाठीं करावा आणि कोणत्या तबकडीला किती मोल द्यावें, हे प्रश्न वेगळ्या रीतीनें सोडवावे लागतात.

जाझ संगीत विसाव्या शतकाच्या प्रारंभीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं, मुख्यतः तेथील कृष्णवर्णीय समाजांत, आकारास आलें. वादक एखादी परिचित चाल घेतो आणि तिच्या आधारानें आयत्या वेळीं नवी रचना करीत जातो. खयालगायक बंदिशीच्या दोन ओळींवर अर्धा तास उभा करितो, त्या कलेचा हा दूरचा भाऊबंद म्हणावयास हरकत नाहीं. मात्र जुन्या जाझमध्यें तीन-चार वादक एकाच वेळीं हा विस्तार करीत असतात. असें संगीत स्वरलिपींत उतरविलें तरी हातीं केवळ सांगाडा लागतो. बडी बोल्डन हा न्यू ऑर्लिन्सचा नामांकित कॉर्नेटवादक १९३१ सालीं वारला. त्याच्या वादनाची एकही तबकडी आज उपलब्ध नाहीं. त्यामुळें तो कसा वाजवीत असे याविषयीं आठवणी पुष्कळ आणि पुरावा शून्य, अशी स्थिति आहे.

जाझची पहिली तबकडी २६ फेब्रुवारी १९१७ रोजीं न्यूयॉर्क येथें व्हिक्टर कंपनीनें मुद्रित केली. वाजविणारे पांचही वादक गोरे होते. कृष्णवर्णीय वादकांपैकीं फ्रेडी केपार्ड याला ही संधि आधीं आली होती, पण आपली कला दुसरे उचलतील या भीतीनें त्यानें ती नाकारली, अशी कथा सांगतात. पुढें १९२३ सालीं इंडियाना संस्थानांतील रिचमंड गांवीं किंग ऑलिव्हरच्या चमूनें जेनेट कंपनीसाठीं वादन केलें. मुद्रणशाळेला लोहमार्ग इतका लगत, कीं गाडी आली म्हणजे काम थांबवावें लागे. मायक्रोफोन अद्याप वापरांत आला नव्हता. सर्वांनीं एका कर्ण्यासमोर उभें राहून वाजवावयाचें. तरुण लुई आर्मस्ट्राँगचा स्वर इतका दांडगा, कीं त्याला इतरांपासून दूर मागें उभें केलें होतें असें म्हणतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटें मावत. त्या तीन मिनिटांत, खरखरीच्या पडद्याआडून, जें ऐकूं येतें तेंच या कलेचें आद्य वाङ्मय होय.

हें एकदां ध्यानीं आलें म्हणजे संग्राहकाची चिकित्सक वृत्ति वेडगळ वाटत नाहीं. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमविणारा पंडित पाठभेद पाहतो, तसाच हाही पाहतो. तबकडीवर लेबलाभोंवतीं जो गुळगुळीत भाग असतो त्यावर साच्याचा क्रमांक कोरलेला असतो, आणि पुष्कळदां तीच चाल कितव्या खेपेस वाजविली तोही आंकडा असतो. एकाच दिवशीं एकाच चालीच्या तीन खेपा झाल्या असतील तर जाझमध्यें तीं तीन निरनिराळीं वादनें होतात. चार्ली पार्कर यानें नोव्हेंबर १९४५ मध्यें सॅव्हॉय कंपनीसाठीं जें वादन केलें, त्याच्या निरनिराळ्या खेपा पुढें प्रसिद्ध झाल्या. त्या एकापुढें एक ऐकल्या म्हणजे कल्पना कशी सुचते, कोठें अडते आणि दुसऱ्या खेपेस कशी वाट काढते, हें समजतें. जुन्या लेबलांवर बहुधा चमूच्या नायकाचेंच नांव असे. बाकीचे वादक कोण, हें शोधण्याचें काम संग्राहकांनींच केलें. शार्ल दलोने या फ्रेंच गृहस्थानें १९३६ सालीं पॅरिस येथें अशा तबकड्यांची वादकवार सूची प्रसिद्ध केली. विद्यापीठांनीं या विषयाकडे ढुंकूनही पाहिलें नव्हतें तेव्हांची ही गोष्ट.

कंपन्यांना स्वतःच्या मालाची किंमत नव्हती. विस्कॉन्सिनमधील खुर्च्या बनविणाऱ्या एका कंपनीनें पॅरामाउंट या छापाच्या तबकड्या काढल्या होत्या. माल हलका, आवाज खरखरीत. पण त्यावर मा रेनी, चार्ली पॅटन यांच्यासारखे कलावंत. मंदीच्या लाटेंत १९३२ च्या सुमारास मुद्रण थांबलें आणि धातूचे साचे बहुतेक मोडींत गेले. आज तें संगीत ऐकावयास मिळतें तें दक्षिणेंतील गरीब घरांतून, अडगळींतून आणि जुन्या बाजारांतून तबकड्या शोधणाऱ्या लोकांमुळें. किंग ऑलिव्हरच्या जेनेट क्रमांक ५२७५ या तबकडीची एकच प्रत सांपडल्याचें संग्राहक मानतात. ती प्रत फुटली असती तर त्या दोन बाजूंचें वादन जगांतून नाहींसें झालें असतें.

या नाशांत हिंदुस्थानचाही एक अप्रत्यक्ष धागा आहे. त्या काळची तबकडी दगडाची बारीक पूड, काजळी आणि लाख यांची होई. पुडीला धरून ठेवणारी वस्तु लाख. ही लाख मोठ्या प्रमाणांत छोटा नागपूरकडील पळस, बोर व कुसुम या झाडांवरील किड्यांपासून जात असे. १९४२ सालीं युद्धामुळें अमेरिकेंत लाखेवर कडक नियंत्रण आलें आणि जुन्या तबकड्या परत घेऊन, दळून, नव्या बनविण्याची मोहीम निघाली. देशकार्य म्हणून लोकांनीं पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या. त्यांत काय काय दळलें गेलें याची यादी कोणीं ठेवलेली नाहीं.

मुंबईंतही जाझ वाजत होतें. ताजमहाल हॉटेलांत १९३५ सालीं लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा चमू आला. पुढच्या वर्षीं क्रिकेट स्मिथ याच्या चमूनें ‘ताजमहाल’ नांवाचा फॉक्सट्रॉट मुंबईंतच मुद्रित केला. गोव्यांतील हळदोणें गांवचा अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ट्रम्पेट वाजवी, सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटांत तो पडद्यावरही दिसतो. चोरबाजारांत जुन्या तबकड्यांचे ढीग उपसणाऱ्यानें चित्रपटगीतांच्या आड लपलेल्या या मुंबईच्या जाझकडे दुर्लक्ष करूं नये. विलायती छापाच्या मागें धांवणारे पुष्कळ. या तबकड्या सांभाळणारे थोडे.

१९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लांब पल्ल्याची तबकडी आणली, आणि लाखेच्या जागीं व्हिनाइल आलें. पुढें १९५० नंतरच्या दशकांत रॉक संगीत उदयास आलें आणि संग्रहाचें स्वरूपच पालटलें. जाझची तबकडी ही झालेल्या मैफलीची साक्ष असते. रॉकची तबकडी पुष्कळदां हीच मैफल असते. बीटल्स मंडळींची ‘सार्जंट पेपर’ ही १९६७ ची तबकडी मुद्रणशाळेंत थरावर थर चढवून तयार झाली. एककर्णी म्हणजे मोनो आवृत्तीच्या मिश्रणावर त्यांनीं स्वतः लक्ष दिलें. द्विकर्णी स्टीरिओ आवृत्ति मागाहून इतरांनीं थोड्या वेळांत उरकली. दोहोंत फरक कानाला कळतो. तेव्हां मूळ मोनो प्रतीसाठीं कोणीं जास्त पैसे मोजले तर त्यांत नवल नाहीं. लेड झेपलिन यांच्या १९६९ च्या दुसऱ्या संग्रहाचेंही तसेंच. रॉबर्ट लडविग यानें चर इतके जोरकस कापले, कीं स्वस्त यंत्रांवर सुई उडूं लागली. कंपनीनें घाबरून मवाळ आवृत्ति काढली. पहिल्या आवृत्तीवर त्याचीं आद्याक्षरें कोरलेलीं आहेत आणि तिचा जोम खरोखरच निराळा आहे.

याच्या उलट उदाहरण १९६६ चें. बीटल्सच्या एका अमेरिकन तबकडीच्या वेष्टणावर ते खाटकाच्या पांढऱ्या डगल्यांत, मांसाचे तुकडे व मोडक्या बाहुल्या घेऊन बसलेले दाखविले होते. ओरड झाली, कंपनीनें माल परत घेतला आणि कांहीं प्रतींवर दुसरें चित्र चिकटविलें. त्या खालच्या चित्रासाठीं आज भरमसाट किंमत देतात. आंतील तबकडीला मात्र कोणी विचारीत नाहीं. वेष्टणाचें आवरण न फोडतां तबकडी तिजोरींत ठेवणारेही आहेत. त्यांना व्यापारी म्हणावें, रसिक म्हणूं नये. जी किंमत ऐकूं येत नाहीं ती नाण्यांच्या बाजारांतील किंमत होय.

आतां सर्व संगीत तारेवाटे घरबसल्या मिळतें, मग हा भार कशाला, असें विचारतात. सोयीचा प्रश्न असेल तर उत्तर त्यांच्याच बाजूचें आहे. परंतु तेथें बहुधा कंपनीनें नुकती घासूनपुसून काढलेली आवृत्तिच मिळते. जुना पाठ केव्हां बदलला हें श्रोत्याला कळतही नाहीं. आणि मूळ फिती तरी सुरक्षित आहेत काय? १ जून २००८ रोजीं हॉलिवुडमधील युनिव्हर्सलच्या आवारांत आग लागली आणि त्यांत अनेक मूळ ध्वनिफिती जळाल्या. किती, याविषयीं वाद आहे. पण ही बातमी लोकांपर्यंत सविस्तर पोंचावयास २०१९ साल उजाडलें.

घरांतील संग्रहाची निगा फारशी अवघड नाहीं. तबकड्या उभ्या ठेवाव्या, आडव्या रचूं नयेत. भारानें त्या वांकतात अथवा तडकतात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधींही लावूं नये, कारण स्पिरिटांत लाख विरघळते आणि चर पुसले जातात. जुन्या तबकडीचे चर रुंद असतात. व्हिनाइलची सुई तिला चालत नाहीं, सुमारें तिप्पट जाड टोंकाची निराळी सुई लागते. ज्याच्याजवळ ती नसेल त्यानें मिळेपर्यंत धीर धरावा.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वही. कोणती तबकडी कोठें मिळाली, साच्याचा क्रमांक काय, वादक कोण, हें संग्राहकाच्या डोक्यांत असतें आणि त्याच्याबरोबरच जातें. मग मुलें रद्दीच्या भावानें ढीग मोकळा करितात. अमेरिकेंत मार्शल स्टर्न्स या प्राध्यापकानें आपला संग्रह पायाभूत धरून १९५२ सालीं जाझच्या अभ्यासाची संस्था काढली. १९६६ सालीं ती रटगर्स विद्यापीठाकडे सोंपविण्यांत आली आणि न्यूअर्क येथें अभ्यासकांना तिचा उपयोग करितां येतो.