गोग्रहणाचे वीरगळ
गोग्रहणाचे वीरगळ : गावावर घाला पडला असता गोधनाचे व ग्रामस्थांचे रक्षण करताना मृत्यू पावलेल्या वीरांची शिलास्मारके. ‘वीरगळ’ हा शब्द कन्नड ‘वीरगल्लु’ (वीराचा दगड) यावरून आला आहे. मध्ययुगीन संघर्षांची झळ सैन्याइतकीच शेतकरी व गुराखी यांनाही बसे. नांगरट, खत व दूध यांसाठी गाव गुरांवरच अवलंबून असल्याने ती हाकून नेणे म्हणजे गावाच्या तोंडचा घास काढणे होय. महाभारताच्या विराटपर्वातही मत्स्यदेशावरील चढाईत गोग्रहणच घडते. कन्नड वीरगळांवरील लेखांत ‘तुरुगोळ’ (गुरे पळविणे), ‘ऊरळिवु’ (गावाचा विध्वंस) व ‘पेण्बुय्यल’ (स्त्रियांचा आक्रोश) असे प्रसंग नावानिशी येतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ लेखविरहित आहेत; त्यामुळे येथे शिल्प हाच पुरावा ठरतो.

शिळेवर बहुधा तीन किंवा चार कप्पे असून ते खालून वर पाहावयाचे असतात. तळाशी धारातीर्थी पडलेला वीर व त्याच्याजवळ गाईंची रांग, त्यावर ढाल-तलवारीची झुंज, पुढे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, असा क्रम आढळतो. माथ्यावर कलश व चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य असेतो कीर्ती टिकेल, हा त्यांचा संकेत. गाई कोरलेल्या नसतील, तर केवळ झुंजीवरून वीरगळ गोग्रहणाचा ठरविणे धाडसाचे होय. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धे आहेत. तो प्रकार निराळा.

सिन्नर (जि. नासिक) हे सेऊणदेशाच्या यादवांचे देवगिरीपूर्व केंद्र. तेथील गोंदेश्वर या भूमिज शैलीतील शिवपंचायतनात त्या काळच्या शिल्पींचे उच्च कौशल्य दिसते. यादवांच्या राज्यातील खेड्यापाड्यांचे वीरगळ त्या मानाने ओबडधोबड आहेत, आकृतींची प्रमाणबद्धताही बेताचीच. मात्र त्यांना देवालयीन शिल्पाची फूटपट्टी लावणे योग्य नव्हे. देवालय राजसत्तेचे वैभव सांगते, वीरगळ गावावरचे संकट.

हे संकटही अपुरेच कोरलेले आहे. प्रतिकार करणाऱ्यालाच शिळेवर स्थान मिळाले. निःशस्त्र मारले गेलेले, ओढून नेलेले वा नंतर उपासमारीने मेलेले लोक तेथे नाहीत. सतीशिळेवर तर स्त्री पुष्कळदा बांगड्या ल्यालेल्या, काटकोनात वळलेल्या हातापुरतीच उरते. विसाव्या शतकात ही दृष्टी पालटली. १४ मे १९४० रोजीच्या बाँबहल्ल्यात उद्‌ध्वस्त झालेल्या रॉटरडॅम शहरासाठी ओसिप झाडकिन याने घडविलेल्या ब्राँझ शिल्पात (१९५३) कोणी वीर नाही. धड फाटलेली, हात वर उचललेली आकृती म्हणजे घायाळ शहरच होय. हीरोशीमा येथील बालशांतिस्मारक (१९५८) अणुबाँबने बळी घेतलेल्या मुलांचे आहे.

एस्. सेट्टर व ग्युंथर सोंथायमर यांनी संपादिलेल्या ग्रंथामुळे (१९८२) भारतीय स्मारकशिळांच्या अभ्यासास चालना मिळाली. अनेक वीरगळ आज पारावर वा देवळाच्या आवारात टेकविलेले असतात. काही पायऱ्यांत व भिंतींत बसविले गेले. ज्यांची पूजा होते त्यांवर शेंदराचे थर चढतात आणि तळाचा भाग जमिनीत रुततो. नेमका गाईंचा कप्पा तेथेच असतो.