ॲसिटोन: भीती नेमकी कशाची?

नेलपॉलिश काढायच्या बाटलीचा तो उग्र, गोडसर वास बहुतेकांच्या ओळखीचा असतो. अनेकदा तो ॲसिटोनचा असतो. ‘केमिकल आहे, विषारी असणार’ म्हणून ती बाटली मुलांपासून लांब ठेवली जाते, आणि ते योग्यच आहे. पण पेटत्या समईपासून हातभर अंतरावर कुणी ती उघडली, तर सहसा कुणी हटकत नाही. ॲसिटोनबद्दलची आपली भीती अशी भलत्या जागी बसलेली आहे. विष म्हणून हा द्रव बराच सौम्य आहे, आग म्हणून मात्र अत्यंत धोकादायक. शिवाय ज्या गुणामुळे तो कारखान्यांना आणि प्रयोगशाळांना हवासा वाटतो, त्याच गुणातून त्याचा धोकाही जन्मतो. म्हणून नियम आणि सवयी त्या गुणाकडे पाहून ठरायला हव्यात.

तो गुण म्हणजे पटकन विरघळवणे आणि पटकन उडून जाणे. ॲसिटोन पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते आणि तेलकट पदार्थांनाही सामावून घेते. दोन्हीकडे असे सख्य असणारे द्रव थोडेच. ते उकळते फक्त ५६ अंश सेल्सिअसला. प्रयोगशाळेत धुतलेल्या चंबूत शेवटी थोडे ॲसिटोन फिरवून ओततात. काचेला चिकटलेले पाणी त्यात मिसळून बाहेर येते, उरलेली पातळ फिल्म काही क्षणांत उडते आणि चंबू लगेच वापरता येतो. जिवाणू ओळखण्याच्या ‘ग्रॅम’ चाचणीत जास्तीचा रंग काढायला अल्कोहोल आणि ॲसिटोनचे मिश्रण वापरतात. शरीररचनाशास्त्रात तर याच गुणावर एक अख्खे तंत्र उभे आहे. गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये जर्मनीत विकसित केलेल्या प्लॅस्टिनेशनमध्ये अवयवातले पाणी आणि चरबी काढून तिथे ॲसिटोन भरतात. मग निर्वात पेटीत ते उडवून लावतात आणि रिकाम्या झालेल्या जागी पॉलिमर शिरते. अवयव वर्षानुवर्षे टिकतो. ॲसिटोन मात्र आपले काम करून निघून गेलेले असते.

सर्वांत सुंदर उदाहरण मात्र वेल्डिंगच्या दुकानात उभे असते. गॅस वेल्डिंगवाल्यांकडचा मरून रंगाचा ‘डीए’ सिलिंडर आतून पोकळ नसतो. त्यात सच्छिद्र भरण असते, त्या छिद्रांत ॲसिटोन मुरवलेले असते आणि ॲसिटोनमध्ये ॲसिटिलीन वायू विरघळवलेला असतो. नुसते ॲसिटिलीन दाबाखाली कोंडले तर हवा नसतानाही त्याचे विघटन होऊन स्फोट होऊ शकतो. एक लिटर ॲसिटोन मात्र साध्या दाबालाच सुमारे २५ लिटर ॲसिटिलीन पोटात घेते, दाब वाढवला की आणखी कितीतरी. असे सुरक्षित भरण घडवणारे स्वीडनचे गुस्ताफ दालेन यांना १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते दीपगृहांच्या वायूदिव्यांचे स्वयंचलित नियंत्रण शोधल्याबद्दल. हा सिलिंडर उभाच ठेवायचा असतो, कारण आडवा ठेवून वापरला तर वायूबरोबर ॲसिटोनही बाहेर येते आणि भरणातले संरक्षण घटते.

यावर कुणी म्हणेल, ॲसिटोन एवढे ज्वलनशील आहे, मग ते बनवताच कशाला? याचे उत्तर त्याच्या जन्मात आहे. जगातले बहुतेक ॲसिटोन फिनॉलच्या कारखान्यात जोडीने तयार होते: बेंझिन आणि प्रोपिलीनपासून क्युमीन, आणि त्याच्या पुढच्या विघटनातून एक टन फिनॉलमागे सुमारे ०.६ टन ॲसिटोन. फिनॉल हवे, म्हणजे ॲसिटोन येणारच. त्याचा मोठा वाटा ॲक्रिलिकच्या कच्च्या मालात आणि बिस्फिनॉल-ए मध्ये जातो; हे बिस्फिनॉल-ए पॉलिकार्बोनेटचा पाया आहे. तिथे ते उडून न जाता पदार्थाचाच भाग बनते.

आता विषाचा प्रश्न. उपवासात, आणि आटोक्यात नसलेल्या मधुमेहात, आपलेच शरीर चरबी जाळताना ॲसिटोन बनवते. डॉक्टर रुग्णाच्या श्वासातला तो वास ओळखतात. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीने हवेत ॲसिटोनची मर्यादा दहा लाखांत १००० भाग आहे, बेंझिनची फक्त १. पण याचा अर्थ ते निरुपद्रवी आहे असा कुणी काढला, तर तीही चूकच. कोंदट खोलीत वाफ दाट झाली तर डोके दुखते, गरगरते, शुद्धही हरपू शकते. त्वचेतले तेल ते ओढून घेते, म्हणून फायबरग्लासच्या कामानंतर राळ काढायला त्यात हात धुण्याची सवय हातांना भेगा पाडते. पोटात गेले तर ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. तरीही टोल्युइन किंवा मिथिलीन क्लोराईड यांसारख्या अधिक विषारी द्रावकांच्या जागी ॲसिटोन वापरण्याचा निर्णय बहुतेक वेळा शहाणपणाचा ठरतो, फक्त त्याबरोबर वायुवीजनाची आणि आगीची व्यवस्था बदलावी लागते.

हा बदल बरेचदा राहून जातो. ॲसिटोनची वाफ शून्याखाली सुमारे २० अंशांवरही पेटू शकते, म्हणजे आपल्या हवामानात प्रत्येक उघडे भांडे पेटण्याच्या तयारीत असते. वाफ हवेच्या दुप्पट जड, त्यामुळे ती जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. छताजवळचा पंखा इथे पुरत नाही, हवा खालूनही ओढून बाहेर टाकावी लागते. पाणी मिसळले की धोका टळला, हाही गैरसमज आहे: दहा टक्के ॲसिटोन असलेले पाणी आपल्याकडच्या उन्हाळी तापमानाला पेट घेऊ शकते. साधा अग्निशामक फेस ॲसिटोनवर फुटून विरतो, अल्कोहोल-रोधक फेस लागतो. प्रयोगशाळेत आणखी एक पथ्य आहे. वापरलेले ॲसिटोन क्लोरोफॉर्मच्या कचऱ्यात ओतायचे नाही. त्या बाटलीत चुकून थोडा जरी अल्कली असला, तरी दोघांची अभिक्रिया इतकी उष्णता सोडते की बाटली फुटते. दोन वेगळ्या बाटल्या आणि त्यांवर ठळक अक्षरांतली नावे, एवढ्याने तो अपघात टळतो.