मेंढपाळाचा कुत्रा : गुण व संगोपन

सोयाबीनची काढणी आटोपून राने मोकळी झाली की मुदखेड, लोहा व कंधार या भागांत मेंढ्यांचे कळप उतरू लागतात. ज्या शेतात मेंढ्या रात्री बसतात त्या शेतास लेंड्यांचे व मूत्राचे उत्तम खत मिळते. म्हणून शेतकरी मेंढपाळास धान्य अगर रोख मोबदला देऊन मेंढ्या आपल्या रानात बसवून घेतात. सायंकाळी वाघूर, म्हणजे जाळीचे कुंपण, उभे राहते, मेंढ्या आत जातात आणि जाळीच्या बाहेर दोन-तीन कुत्री अंग टाकतात. रात्रीच्या राखणीचा भार बहुतांशी त्यांच्यावरच असतो. मात्र कळपात सर्वांत कमी लक्ष ज्याच्याकडे दिले जाते तो प्राणीही हाच होय.

मुधोळ अगर कारवानी कुत्रा उंच, सडपातळ व शिकारीस वेगवान असतो. मेंढपाळाचा कुत्रा त्याहून ठेंगणा, काटक, आखूड केसांचा व बहुधा वळलेल्या शेपटीचा असतो. त्याच्या रंगास काही नियम नाही. विलायतेतील कोली कुत्रा शीळ ऐकून मेंढ्या वळवितो; आपल्याकडे मेंढ्या वळविण्याचे काम मेंढपाळ स्वतः हाकेने व काठीने करतो, आणि कुत्र्याकडे मुख्यतः राखण असते. लहान बांध्याचा कुत्रा थोड्या अन्नावर भागवितो व बिऱ्हाडाबरोबर दिवसभर चालतो, हा त्याचा मोठा गुण मानला पाहिजे. एकटा असा कुत्रा लांडग्यास रोखू शकेलच असे नाही. त्याचे खरे काम वेळीच भुंकून माणसास जागे करण्याचे आहे. यासाठी दोन-तीन कुत्री एकत्र ठेवणे हितावह असते.

पिलू निवडताना त्याच्या आईचे वर्तन पाहावे. कोकरांच्या मागे धावणाऱ्या मादीचे पिलू घेऊ नये. मादी सुमारे 63 दिवसांनी विते. पिलू तीन आठवड्यांचे झाल्यापासून सुमारे तीन महिन्यांचे होईपर्यंत ज्यांच्या सहवासात राहते त्यांना ते आपले मानते. म्हणून याच काळात त्यास कोकरांच्या शेजारी बांधावे. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांची मोठी खरेदी-विक्री होते. अशा गर्दीतून पिलू आणल्यास दहा-पंधरा दिवस इतर कुत्र्यांपासून अलग ठेवावे, कारण रक्ताची हगवण लावणारा पार्व्हो रोग गर्दीतूनच येतो. त्यावरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून देता येते.

नुसत्या भाकरीवर कुत्रा जगतो, परंतु त्याची शक्ती टिकत नाही. भाकरीबरोबर ताक, शिजविलेली डाळ अगर अंडे द्यावे. मांस द्यावयाचे तर पूर्ण शिजवूनच द्यावे. येथे परंपरेने होणारी एक चूक कळपास फार महाग पडते. मेंढी मेली अगर कापली की तिचे डोके व आतडी कुत्र्यापुढे टाकली जातात. त्या मेंढीच्या मेंदूत पाण्याने भरलेली गाठ असेल, तर तीतील सूक्ष्म डोकी कुत्र्याच्या आतड्यात चपटे कृमी बनून वाढतात. सुमारे सहा आठवड्यांत या कृमींची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडू लागतात. चरणाऱ्या कोकराच्या पोटात ती गेली की त्यातील जंतू रक्तावाटे मेंदूत पोचतो आणि काही महिन्यांनी नवी गाठ तयार होते. मग ते कोकरू मान वाकडी करून एकाच बाजूस गोल गोल फिरते, कळपापासून मागे पडते व बहुधा मरते. अनेक मेंढपाळ यास दैवाचा कोप समजतात. वास्तविक हा रोग आपल्याच कुत्र्याच्या मुखातून कळपात परत आलेला असतो. म्हणून मेलेल्या मेंढीचे डोके कुत्र्यास कदापि देऊ नये. ते कमरेइतक्या खोल खड्ड्यात पुरून वर दगड व काटेरी फांद्या टाकाव्यात.

कळपातील सर्व कुत्र्यांना एकाच दिवशी प्राझिक्वांटेल हे जंतनाशक औषध द्यावे. मात्रा वजनाप्रमाणे पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावी. ज्या कळपात असे कोकरू आढळले आहे तेथे हे औषध दर सहा आठवड्यांनी देणे चांगले; एरवी निदान तीन महिन्यांनी तरी द्यावे. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्री बांधून ठेवावीत व त्यांची विष्ठा पुरावी. कुत्र्याच्या दुसऱ्या एका कृमीमुळे माणसाच्या यकृतात व फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात. म्हणून कुत्र्यास हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवू नये. मुलांच्या बाबतीत हे कटाक्षाने पाहावे.

पिसाळण्याच्या रोगावरील पहिली लस तीन महिन्यांच्या वयात द्यावी, पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्यावी व दरवर्षी ती टोचून घ्यावी. मेंढपाळ फिरता असल्याने ही लस नेमकी चुकते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कळप शिवारात उतरताच कुत्र्यांची चौकशी करावी. एखादे कुत्रे चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी. तीत चुना, हळद अगर मिरची भरू नये, व त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. जखम किरकोळ वाटली तरी हयगय करू नये. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपाय नाही.

मेंढ्या बसवून घेणाऱ्या शेतकऱ्यानेही काही काळजी घेतली पाहिजे. फवारणीची पिंपे व उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिष कळप येण्यापूर्वी उचलून ठेवावे. लांडग्यास मारण्यासाठी मेलेल्या मेंढीत विष घालण्याचा प्रकार तर सर्वस्वी टाळावा. त्याचा पहिला बळी आपलाच कुत्रा ठरतो, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लांडगा संरक्षित असल्याने तो गुन्हाही होतो. लांडग्याने मारलेल्या मेंढीची शासनाकडून भरपाई मिळते. त्यासाठी वन विभागास तत्काळ कळवावे, पंचनामा होईपर्यंत मृत मेंढी जागेवरून हलवू नये व कुत्री त्या वेळेपुरती बांधून ठेवावीत. पंचनामा आटोपताच ती मेंढी डोक्यासह पुरून टाकावी.