इवलं बेट, जगभर वट!

दोस्तांनो, अ‍ॅटलास उघडा. गुजरात, मध्य प्रदेशातून जाणारं कर्कवृत्त सापडलं? त्याच्यावर बोट ठेवा आणि निघा पूर्वेला. बंगाल, म्यानमार, चीन… आणि मग समुद्र. थांबू नका! थोडं पाणी ओलांडलं की बोट एका बेटावर टेकेल. हे तैवान. महाराष्ट्रात अशी आठ तैवान मावतील, वर थोडी जागाही उरेल. पण माणसं? सव्वादोन कोटींहून जास्त!

बरं, बेटभर ऐसपैस राहावं, तर मध्ये डोंगर! जमिनीखाली दोन अवाढव्य भूपट्ट लाखो वर्षं एकमेकांना रेटतायत. त्या रेटारेटीत समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि बेट तयार झालं. आपलं कळसूबाई 1,646 मीटर उंच. तिथला युशान 3,952 मीटर! रेटारेटी अजून थांबलेली नाही, म्हणून तिथे भूकंपही होतात. सपाट जमीन आहे ती मुख्यतः पश्चिमेला. त्यामुळे शेतं, शहरं, कारखाने, बंदरं, सगळ्यांची तिथेच दाटी.

तेल, कोळसा, गॅस जवळपास सगळा बाहेरून आणायचा. त्याचे पैसे कुठून येणार? वस्तू बनवायच्या आणि जगाला विकायच्या! आधी छत्र्या, खेळणी, बूट. मग 1980 मध्ये शिंचू शहरात विज्ञान उद्यान उभं राहिलं आणि हळूहळू चिप बनू लागल्या. नखाएवढ्या चिपवर अब्जावधी सूक्ष्म स्विच! आज जगातल्या सर्वांत प्रगत चिपपैकी बहुतेक इथेच बनतात. त्या इतक्या हलक्या की थेट विमानानं रवाना होतात.

पण चिप धुवायला अतिशुद्ध पाणी लागतं, तेही भरपूर. पाऊस धो धो पडतो, पण उभ्या डोंगरांवरून आखूड नद्या तो झरझर समुद्रात नेऊन सोडतात. 2021 मध्ये दुष्काळ पडला, तेव्हा चिपच्या कारखान्यांना टँकर मागवावे लागले!

आता खरी गंमत. तैवानचा राष्ट्राध्यक्ष वेगळा, सैन्य वेगळं, नोटा वेगळ्या. तरी चीन म्हणतो, ‘हे बेट आमचंच.’ 1949 मध्ये चीनच्या यादवी युद्धात हरलेलं सरकार इथे आलं, तेव्हापासूनचा हा वाद. तैवानला देश म्हणून अधिकृत मान्यता देणारे देश जेमतेम डझनभर. भारताचाही तिथे दूतावास नाही. पण व्यापार कुणाला सोडवतोय? 2024 मध्ये तैवाननं आपल्या मुंबईतही कार्यालय उघडलं. आणि खुद्द चीन तैवानचं मोठं गिऱ्हाईक आहे!

पुढच्या ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनचे सामने नीट बघा. तैवानचा संघ ‘चायनीज तैपेई’ या नावानं दिसेल, हातात फुलाचं चित्र असलेला पांढरा झेंडा. शेजारी कुणी विचारलं, ‘हा कुठला देश?’ तर तुम्ही काय उत्तर द्याल?