अल्प उत्पन्न देशांतील कर्करोग नोंदणी आणि प्रादेशिक साहाय्य

प्रस्तावना

कोणत्याही रोगाचे नियंत्रण करावयाचे झाल्यास त्या रोगाचे रुग्ण किती आहेत, कोणत्या वयाचे आहेत आणि कोणत्या भागात आहेत, याची विश्वसनीय माहिती प्रथम हाती असावी लागते. कर्करोगाच्या बाबतीत ही माहिती 'कर्करोग नोंदणी' या व्यवस्थेतून मिळते. जागतिक अंदाजानुसार २०२२ या वर्षात जगात कर्करोगाचे सुमारे २ कोटी नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९७ लाख रुग्णांचा मृत्यू झाला. २०५० पर्यंत नव्या रुग्णांची वार्षिक संख्या साडेतीन कोटींच्या घरात जाईल, असा अंदाज आहे. प्रमाणाच्या दृष्टीने ही वाढ मानव विकास निर्देशांक कमी असलेल्या देशांत सर्वाधिक राहणार आहे.

नेमक्या याच देशांत नोंदणीची व्यवस्था सर्वांत दुबळी आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था जगभरातील दर्जेदार नोंदणींची आकडेवारी ठरावीक काळाने खंडरूपाने प्रसिद्ध करते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहाव्या खंडात उत्तर अमेरिकेतील सुमारे ९५ टक्के आणि युरोपातील सुमारे ४२ टक्के लोकसंख्या समाविष्ट होती. आशियाच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ६ टक्के, तर आफ्रिकेच्या बाबतीत केवळ २ टक्के होते. ज्या देशात कोणतीच आकडेवारी उपलब्ध नसते, त्या देशातील रुग्णसंख्येचा अंदाज शेजारील देशांच्या आकड्यांवरून बांधला जातो. परिणामी, अशा देशाचे आरोग्य मंत्रालय किरणोपचाराची यंत्रे किती घ्यावीत किंवा कोणत्या कर्करोगाची तपासणी मोहीम आधी हाती घ्यावी, याचा निर्णय शेजाऱ्याच्या आकड्यांच्या आधारे घेत असते.

ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या दीड दशकात प्रादेशिक साहाय्याचा मार्ग अवलंबण्यात आला. हा मार्ग का आवश्यक ठरला, त्याचे स्वरूप काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नोंदणीचे स्वरूप

कर्करोग नोंदणीचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एखाद्या रुग्णालयात आलेल्या रुग्णांची पद्धतशीर नोंद म्हणजे रुग्णालयाधारित नोंदणी होय. त्या रुग्णालयातील उपचारांचे मूल्यमापन करण्यास ती उपयुक्त असते. परंतु रुग्णालयात कोण पोहोचतो, हे अंतर, पैसा आणि प्रतिष्ठा यांवर अवलंबून असल्याने तिच्यावरून समाजातील रोगाचे प्रमाण कळत नाही. दुसरा प्रकार लोकसंख्याधारित नोंदणीचा आहे. तीत एका निश्चित भूप्रदेशातील प्रत्येक रहिवाशाला झालेला प्रत्येक नवा कर्करोग, त्याचे निदान कोठेही झालेले असो, नोंदवावयाचा असतो. अंशस्थानी नवे रुग्ण आणि छेदस्थानी त्या प्रदेशाची लोकसंख्या ठेवून नवरुग्ण दर काढला जातो. निरनिराळ्या देशांची वयोरचना भिन्न असते. त्यामुळे तुलना करताना जपानी संशोधक सेगी यांनी १९६० मध्ये सुचवलेल्या व पुढे सुधारित करण्यात आलेल्या प्रमाण लोकसंख्येच्या आधारे वयप्रमाणित दर काढण्याची प्रथा आहे.

वर्णनास सोपी वाटणारी ही पद्धत व्यवहारात अतिशय श्रमसाध्य आहे. नोंदणी कर्मचाऱ्यास रुग्णालये, विकृतिशास्त्र प्रयोगशाळा, किरणोपचार केंद्रे आणि मृत्यूनोंदणी कार्यालये यांना नियमितपणे भेट द्यावी लागते. एकाच रुग्णाची बायोप्सी एका गावी, शस्त्रक्रिया दुसऱ्या गावी आणि किरणोपचार तिसऱ्या गावी झालेला असतो. या तीन कागदांवर त्याच्या नावाची तीन वेगवेगळी रूपे असू शकतात. ती तीन माणसे नसून एकच रुग्ण आहे, हे ओळखणे आणि रुग्ण त्या प्रदेशाचा रहिवासी आहे किंवा केवळ उपचारापुरता तेथे आला आहे, हे ठरवणे, ही नोंदणीची दोन नित्याची कामे आहेत. त्यानंतर कर्करोगाचे स्थान आणि ऊतकप्रकार यांना आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार संकेतांक दिले जातात.

गुणवत्तेची कसोटी

नोंदणीचा दर्जा तपासण्यासाठी काही निर्देशक वापरले जातात. त्यांपैकी सूक्ष्मदर्शकीय परीक्षणाने निश्चित झालेल्या रुग्णांचे प्रमाण आणि केवळ मृत्यूदाखल्यावरून कळलेल्या रुग्णांचे प्रमाण हे दोन महत्त्वाचे होत. अल्प उत्पन्न देशांत मात्र या निर्देशकांचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. सूक्ष्मदर्शकीय निश्चितीचे प्रमाण फार मोठे आढळल्यास निदान उत्तम आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. वस्तुतः नोंदणी केवळ प्रयोगशाळांच्या नोंदवह्यांवर विसंबून असल्याचे ते लक्षण असू शकते. अशा नोंदणीत यकृत, स्वादुपिंड व फुप्फुस यांचे कर्करोग निसटतात, कारण त्या रुग्णांची बायोप्सी अनेकदा होतच नाही. त्याचप्रमाणे केवळ मृत्यूदाखल्यावरून कळलेल्या रुग्णांचे प्रमाण शून्याजवळ असणे हेही नेहमीच समाधानाचे कारण नसते. जेथे मृत्यूचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होत नाही, तेथे दाखल्यावर कर्करोगाचा उल्लेखच नसतो. असा अर्थ लावण्यासाठी लागणारी दृष्टी पुस्तकातून पूर्णतः येत नाही. तशाच परिस्थितीत काम केलेल्या अनुभवी व्यक्तीचे मार्गदर्शन त्यासाठी आवश्यक असते.

खंडित नोंदणीचा धडा : कंपाला

युगांडातील कंपाला येथील नोंदणी १९५० च्या दशकात सुरू झाली. आफ्रिकेतील ती एक सर्वांत जुनी नोंदणी होय. पुढे देशातील राजकीय अस्थिरतेच्या काळात तिचे काम विस्कळीत होऊन थांबले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती पुन्हा उभी राहिली. तोवर एड्सची साथ पसरली होती. पुनरुज्जीवित नोंदणीच्या आकड्यांतून कापोसी सार्कोमा हा कर्करोग तेथील पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग बनल्याचे स्पष्ट झाले. जुन्या नोंदी उपलब्ध असल्यामुळेच ही वाढ किती मोठी आहे, हे सांगता आले. परंतु मधल्या वर्षांत ही वाढ नेमकी कधी व कशी सुरू झाली, हे त्या आकड्यांवरून कळू शकत नाही, कारण त्या वर्षांची नोंदच नाही. वाया गेलेले वर्ष नोंदणीत मागाहून भरून काढता येत नाही. म्हणून नोंदणी सुरू करण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ती अखंड चालू ठेवण्यास आहे.

ग्रामीण परिस्थितीतील प्रयोग : बार्शी

भारतात मुंबईची लोकसंख्याधारित नोंदणी १९६३ मध्ये स्थापन झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आरंभला. या नोंदणी प्रामुख्याने महानगरांत होत्या. देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती.

महानगरातील पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडणे शक्य नव्हते. अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते आणि बहुतेक मृत्यू घरी होत असल्याने त्यांचे कारण प्रमाणित होत नव्हते. म्हणून नोंदणी कर्मचारी नियमितपणे गावोगाव जात, गावातील जाणत्या व्यक्तींशी संपर्क ठेवीत, कर्करोगाच्या लक्षणांविषयी माहिती देत आणि संशयित रुग्णांना निदानासाठी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात येण्यास साहाय्य करीत. येथे नोंदणी आणि लोकशिक्षण ही दोन कामे एकत्र आली. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रमुख असल्याचे या नोंदणीने दाखवून दिले. काही वर्षांतच लवकरच्या अवस्थेत निदान होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढल्याचेही आढळून आले.

याच परिसरातील उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १ लाख ३० हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेली तपासणी-चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या एका तपासणीनेही प्रगत अवस्थेतील गर्भाशयमुख कर्करोग आणि त्यामुळे होणारे मृत्यू यांत सुमारे निम्म्याने घट होते, असे तीतून दिसले. अशा चाचणीचे फलित मोजण्यासाठी त्या भागातील प्रत्येक रुग्ण व प्रत्येक कर्करोगमृत्यू टिपणारी व्यवस्था आवश्यक असते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

डेन्मार्कची राष्ट्रीय नोंदणी १९४२ पासून चालू आहे. तेथे प्रत्येक नागरिकाला व्यक्तिगत ओळख क्रमांक असल्याने निरनिराळ्या नोंदी जुळवणे सुलभ झाले आहे. तेथील तज्ज्ञाचे ज्ञान निःसंशय मोठे असते. तथापि नेपाळच्या तराईतील किंवा टांझानियातील कर्मचाऱ्यासमोर जे प्रश्न उभे राहतात, ते बार्शीच्या प्रश्नांशी अधिक जवळचे आहेत. प्रादेशिक साहाय्याच्या कल्पनेचा पाया हाच आहे.

प्रादेशिक केंद्रांची रचना

पूर्वी साहाय्याचे नेहमीचे स्वरूप असे होते, की युरोपातील तज्ज्ञ येऊन आठवडाभराचे प्रशिक्षण देत आणि परत जात. प्रशिक्षित कर्मचाऱ्याची बदली झाली किंवा त्याने नोकरी सोडली, की ज्ञानही त्याच्यासोबत जाई. या अनुभवातून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये कर्करोग नोंदणी विकासाच्या जागतिक उपक्रमाचा आरंभ केला. या उपक्रमात प्रादेशिक केंद्रांना मध्यवर्ती स्थान देण्यात आले. पहिले केंद्र मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात २०१२ मध्ये उभे राहिले. दक्षिण, पूर्व आणि आग्नेय आशियाची जबाबदारी त्याच्याकडे आली. पश्चिम व मध्य आशिया आणि उत्तर आफ्रिका यांसाठी तुर्कस्तानातील इझमीर, तर लॅटिन अमेरिकेसाठी ब्यूनस आयर्स येथे केंद्र उभारण्यात आले. कॅरिबियन व प्रशांत महासागरातील बेटांसाठीही स्वतंत्र केंद्रांची योजना झाली. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हे कार्य २०१२ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकी कर्करोग नोंदणी जाळ्याकडे आले. पूर्व आफ्रिकेतील नोंदणींच्या आधीच्या जाळ्याचा विस्तार होऊन ते निर्माण झाले होते.

केंद्राचे साहाय्य सामान्यतः टप्प्याटप्प्याने होते. प्रथम तज्ज्ञ त्या देशास भेट देऊन माहितीचे स्रोत, मनुष्यबळ आणि शासनाची तयारी यांची पाहणी करतात. त्यानंतर कोणता प्रदेश नोंदणीसाठी निवडावा, याविषयी शिफारस होते. संपूर्ण देश एकदम कक्षेत घेण्याचा आग्रह धरला जात नाही. एका मर्यादित प्रदेशाची परिपूर्ण नोंद ही संपूर्ण देशाच्या अपुऱ्या नोंदीपेक्षा अधिक उपयुक्त ठरते. पुढे प्रशिक्षण, 'कॅनरेग' या विनामूल्य मुक्तस्रोत संगणक प्रणालीचा वापर, आकडेवारीची तपासणी आणि अहवाललेखन यांत सातत्याने मार्गदर्शन केले जाते. प्रशिक्षित व्यक्तींमधूनच त्या प्रदेशाचे पुढचे प्रशिक्षक तयार करणे, हा या योजनेचा आणखी एक महत्त्वाचा भाग आहे.

नेपाळचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथे २००३ पासून काही रुग्णालयांत रुग्णालयाधारित नोंदणी होत होती, परंतु तिच्यावरून देशातील नवरुग्ण दर काढता येत नव्हता. २०१८ मध्ये नेपाळ आरोग्य संशोधन परिषदेने काठमांडू खोऱ्यासह निवडक जिल्ह्यांत लोकसंख्याधारित नोंदणी सुरू केली. प्रथम निवडक प्रदेश, मग विस्तार, हाच क्रम तेथे स्वीकारला गेला.

सीमा आणि लहान देशांचा प्रश्न

प्रादेशिक सहकार्याची आवश्यकता आणखी दोन कारणांनी भासते. पहिले कारण म्हणजे रुग्ण राजकीय सीमा ओलांडतात. नेपाळमधील अनेक रुग्ण उपचारासाठी भारतात येतात आणि भूतानचे शासन आपल्या रुग्णांना भारतीय रुग्णालयांत पाठवते. भारतीय रुग्णालयांतील माहिती परत मिळाली नाही, तर त्या देशांच्या नोंदणीत हे रुग्ण कधीच येणार नाहीत. दुसरे कारण म्हणजे काही देश फार लहान आहेत. प्रशांत महासागरातील काही बेटांवर मोजकेच रुग्ण दरवर्षी आढळतात. अशा प्रत्येक देशाने स्वतंत्र संकेतांकन तज्ज्ञ व संख्याशास्त्रज्ञ नेमणे व्यवहार्य नाही. अनेक देशांनी मिळून एक तज्ज्ञ गट वाटून घेणे हाच येथे योग्य पर्याय ठरतो.

मर्यादा

प्रादेशिक केंद्र मार्गदर्शन करू शकते, कर्मचाऱ्याचे वेतन देऊ शकत नाही. देणगीदारांच्या निधीवर सुरू झालेली नोंदणी निधी संपताच थांबण्याचा धोका असतो. शासनाने अंदाजपत्रकात कायम तरतूद करणे आणि रुग्णालयांना माहिती देण्याचे बंधन व तिची गोपनीयता राखण्याचे नियम घालून देणे, या गोष्टी त्या त्या देशालाच कराव्या लागतात. छेदस्थानचा प्रश्नही केंद्राच्या हाती नसतो. जनगणना लांबली, की लोकसंख्येचे आकडे प्रक्षेपणावर अवलंबून राहतात आणि दरांची अचूकता कमी होते. भारतात २०११ नंतरची दशवार्षिक जनगणना २०२१ मध्ये होऊ शकली नाही, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही.

समारोप

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये गर्भाशयमुख कर्करोगाच्या निर्मूलनाचे धोरण स्वीकारले. दर १ लाख स्त्रियांमागे वर्षाला ४ पेक्षा कमी नवे रुग्ण, ही निर्मूलनाची मर्यादा ठरवण्यात आली. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या बालकर्करोगविषयक उपक्रमाने २०३० पर्यंत किमान ६० टक्के बालरुग्ण वाचवण्याचे ध्येय ठेवले आहे. ही दोन्ही उद्दिष्टे आकड्यांच्या भाषेत मांडलेली आहेत. ज्या देशात नोंदणी नाही, तो देश उद्दिष्ट गाठले किंवा नाही, हे सांगू शकणार नाही. लसीकरण आणि तपासणी यांवर केलेला खर्च सार्थकी लागला काय, हेही त्याला कळणार नाही.

कर्करोग नोंदणी हे केवळ वैद्यकशास्त्राचे क्षेत्र नाही. छेद व प्रमाणीकरण हा संख्याशास्त्राचा, रहिवासाची निश्चिती हा भूगोलाचा, आजार लपवण्यामागील कारणे हा समाजशास्त्राचा आणि निधीचे सातत्य हा लोकवित्ताचा विषय आहे. बार्शीच्या अनुभवाने दाखवल्याप्रमाणे साधनांची कमतरता असतानाही विश्वसनीय नोंद शक्य असते. त्यासाठी पद्धतीला परिस्थितीची जोड आणि कामाला सातत्य लागते. परिस्थितीचे ज्ञान प्रादेशिक साहाय्यातून मिळू शकते, तर सातत्याची हमी प्रत्येक देशाच्या शासनाला स्वतःच द्यावी लागते.