सभासदांचं कॉलेज, एका माणसाचा जिमखाना

ऑगस्ट उजाडला की जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांतल्या क्रीडा संचालकांची धांदल सुरू होते. विद्यापीठाकडून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं वेळापत्रक येऊन पडलेलं असतं आणि मैदानात पाणी साचलेलं असतं. तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठची काळी माती कापसाला मानवते, कबड्डीला नाही. एक दमदार सर झाली की चार दिवस पाय रुततो. मग मुरूम टाका, रोलर फिरवा, उघडीप मिळाली की फक्की मारा. दुपारी फक्की मारावी आणि संध्याकाळी पुन्हा पावसानं ती धुऊन न्यावी, हेही ठरलेलंच. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. पण मॅट असलेली कॉलेजं मोजकी, बाकीच्यांचा सराव मातीतच चालतो.

मैदानापेक्षा जास्त वेळ खातात ती जिमखान्याच्या खोलीतली कागदपत्रं. खोली बहुधा जिन्याखाली किंवा स्वच्छतागृहाच्या शेजारी असते, हे आपल्याकडचं वास्तुशास्त्र. आत एक लोखंडी कपाट, जाळीच्या पिशवीत हवा गेलेले व्हॉलीबॉल, कोपऱ्यात भाले, कपाटावर धूळ बसलेल्या ढाली. टेबलावर पात्रता अर्जांचा गठ्ठा. प्रत्येक खेळाडूचा फोटो, दहावी-बारावीची गुणपत्रिका, जन्मतारीख, चालू वर्षाच्या प्रवेशाची पावती, त्याची सही आणि खाली प्राचार्यांचा शिक्का. खेळाडू त्या वर्षीचा नियमित विद्यार्थी हवा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी त्याचं वय १७ ते २५ या मर्यादेत बसायला हवं. जन्मतारखेत एका आकड्याची गफलत झाली तर समोरचा संघ हरकत घेतो आणि जिंकलेला सामना हातचा जातो. त्यामुळे चढाईपटूच्या मांडीला बर्फ लावणारा माणूस आणि गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’चा शिक्का मारून घेणारा माणूस एकच असतो. मुलांसाठी तो ‘स्पोर्ट्सचे सर’, कागदावर ‘शारीरिक शिक्षण संचालक’. आख्ख्या कॉलेजात हे पद एकच.

हा माणूस नेमका कुणाचा नोकर, असं विचारलं तर उत्तर सरळ मिळत नाही. अनुदानित कॉलेजात त्याला नेमते संस्था. पगार देतं सरकार, जळगावच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयामार्फत. स्पर्धा विद्यापीठाची. चेंडू, जाळी, प्रवासखर्च विद्यार्थ्यांनी प्रवेशावेळी भरलेल्या जिमखाना फीमधून. आणि ज्या मैदानावर तो उभा आहे ते पुन्हा संस्थेचं. चौघांच्या मालकीचं काम असलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. खान्देशातला कॉलेजचा खेळ गेली कित्येक वर्षं या बोटांच्या मधोमध उभा आहे.

इथली कॉलेजं सरकारनं काढलेली नाहीत, लोकांनी काढली, हे आधी लक्षात घ्यायला हवं. धुळ्याची श्री शिवाजी विद्या प्रसारक संस्था १९१८ ची. अमळनेरात गिरणीमालक प्रताप शेठजींच्या नावाचं प्रताप कॉलेज उभं राहिलं. जळगावात १९४४ साली खान्देश कॉलेज एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या कॉलेजला मुंबईचे कापडव्यापारी मूळजी जेठा यांचं नाव मिळालं. या घराण्याची खान्देश मिल जळगावातच होती. गिरण्या पुढे थंडावल्या, कॉलेजं चालू राहिली. फैजपूरला तापी परिसर विद्या मंडळानं १९६१ मध्ये धनाजी नाना महाविद्यालय काढलं. नंदुरबारला तालुका विधायक समिती. जळगावच्या नूतन मराठा महाविद्यालयाची मातृसंस्था तर जळगाव जिल्हा मराठा विद्याप्रसारक सहकारी समाज. शिक्षण संस्था आणि सहकार असा जोड महाराष्ट्रातही विरळा.

या संस्थांना सभासद आहेत. कुणाच्या आजोबांनी वर्गणी भरली, कुणी शेताचा तुकडा दिला, कुणी बैलगाडीनं दगड वाहिले. ते सभासदत्व पुढे घरात राहिलं. सभासद संचालक मंडळ निवडतात, मंडळ अध्यक्ष आणि सचिव ठरवतं. निवडणुकीत पॅनेल पडतात, जाहीरनामे निघतात, जीपगाड्या फिरतात. साखर कारखान्याच्या निवडणुकीची सगळी रंगत इथेही असते. निकालानंतर धर्मादाय कार्यालयात मंडळ बदलल्याचा ‘चेंज रिपोर्ट’ दाखल होतो आणि हरलेल्यांनी हरकत घेतली की तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. अशा काळात प्राचार्यांनी सही कुणाची घ्यायची हाच पेच असतो. तिथे भाल्यांच्या खरेदीला कोण विचारतो?

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांची व्यवस्था या सभासदांच्या व्यवस्थेशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावात सुरू झालेलं दोन वर्षांचं कॉलेज हे त्यातलं जुनं. अशा कॉलेजांचं विश्वस्त मंडळ बऱ्याच राज्यांत थेट त्या भागातले मतदार निवडतात, कारण कॉलेज त्यांच्या करावर चालतं. मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेनं आपल्या मैदानी स्पर्धांत या लहान कॉलेजांना घ्यायचं नाकारलं, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या काही प्रशिक्षकांनी १९३८ मध्ये फ्रेस्नो इथे जमून आपली वेगळी संघटनाच काढली. मालक गाव, म्हणून खेळाची तक्रारही गावापुढे जाते. आपल्याकडे मालक सभासद आहेत, पण खेळाचा विषय त्यांच्यापुढे येतच नाही. तो विद्यापीठाचा मानला जातो.

विद्यापीठ मात्र इथलंच आहे. आधी मुंबई, मग पुणे असा प्रवास करून १५ ऑगस्ट १९९० रोजी खान्देशाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. पहिले कुलगुरू गणिती डॉ. नि. कृ. ठाकरे. जळगावहून धुळ्याकडे निघालं की गिरणेजवळ बांभोरीच्या माळावर त्याचा साडेसहाशे एकरांचा परिसर लागतो. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. पुण्याच्या अमलाखाली तळोद्याच्या मुलाला संघनिवडीसाठी पुणं गाठावं लागे. आता जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे चार क्रीडा विभागांत वाटलेले आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि एरंडोल. विभागीय स्पर्धा, मग आंतरविभागीय, तिथून निवड चाचणी, सराव शिबिर आणि मग विद्यापीठाचा संघ. पुढे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि राज्यपालांच्या आधिपत्याखालचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव. विद्यापीठाचा ट्रॅकसूट पहिल्यांदा अंगावर चढला की पोरं तो महिनाभर उतरवत नाहीत. एसटी स्टँडवर, लग्नात, शेतातसुद्धा. तो मान खराच आहे. तीन जिल्ह्यांतून चाळून निघाल्यावर तो मिळालेला असतो.

मुलींचा प्रवास यापेक्षा वेगळा. चोपडा-यावलकडच्या सातपुड्याच्या पायथ्याहून किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातून आलेली मुलगी धावायला घरातच शिकलेली असते. तिला अडवतो तो बाहेरगावचा मुक्काम. सोबत कोण, राहायची सोय कुठे, परत किती वाजता, हे प्रश्न घरून येतात. त्यांना उत्तर द्यायला पुन्हा तेच एकटे सर. मुलीच्या वडिलांना फोन करून ‘दादा, मी स्वतः घरापर्यंत सोडतो’ असं सांगणारे सर ज्या कॉलेजात आहेत, त्या कॉलेजाचा मुलींचा खो-खो संघ उभा राहतो. ज्या कॉलेजात नाहीत तिथे बारा नावं कागदावर जुळतात आणि सामन्याच्या दिवशी सात मुली येतात.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात विद्यापीठासाठी क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद आहे आणि कॉलेजासाठी कलम ९७ खाली महाविद्यालय विकास समिती. समितीचे अध्यक्ष संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी. सचिव आहेत, एक विभागप्रमुख आहे, शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक आहेत आणि त्यांत किमान एक महिला. शिक्षकेतरांचा एक प्रतिनिधी आहे, बाहेरचे चार स्थानिक लोक आहेत आणि त्यांत एक माजी विद्यार्थी. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही आहेत. प्राचार्य सदस्य-सचिव. वर्षातून किमान चार बैठका. कॉलेजाचं अंदाजपत्रक याच समितीपुढून जातं आणि अभ्यासेतर उपक्रमांचं नियोजनही तिच्याच कामात मोडतं. क्रीडा संचालकाला इथे पदसिद्ध जागा नाही. शिक्षकांनी निवडून दिला तर तो येईल, एरवी नाही.

आणि विद्यार्थी? १९९४ च्या कायद्यानं कॉलेजांतल्या निवडणुका बंद करून गुणवत्तेवर नेमणूक आणली होती. २०१६ च्या कायद्यानं थेट निवडणुकीची दारं पुन्हा उघडली, परिषदेत क्रीडा क्षेत्रातल्या विद्यार्थ्यालाही जागा ठेवली. २०१९ मध्ये निवडणुकीचं वेळापत्रक निघालं, विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकललं गेलं, पाठोपाठ कोविड आला आणि निवडणूक राहूनच गेली. म्हणजे ज्याच्या फीवर जिमखाना चालतो त्याचा निवडून आलेला आवाज समितीत पोचलेलाच नाही. संस्थेच्या निवडणुकीत मात्र एकही मतदान चुकत नाही!

पदांची गोष्ट याहून बोचरी आहे. राज्यात प्राध्यापकभरती बरीच वर्षं रखडली होती. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं भरतीला परवानगी दिली तेव्हा सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदं होती आणि शारीरिक शिक्षण संचालकांची १३९. आख्ख्या महाराष्ट्रासाठी. इतिहासाच्या विभागातलं एक पद रिकामं राहिलं तर तासिका तत्त्वावर कुणी तरी शिकवून जातं. क्रीडा संचालकाचं पद रिकामं राहिलं तर विभागच बंद होतो, कारण तो विभाग म्हणजे तोच एक माणूस. मग कार्यभार मराठीच्या नाही तर वाणिज्यच्या एखाद्या उत्साही सरांकडे जातो. ते पात्रता अर्ज भरतात, संघ घेऊन जातात, चहापाण्याला स्वतःचे पैसे घालतात. पण गोळाफेकीत खांदा कुठे उघडायचा हे त्यांनी कसं सांगावं? दरम्यान नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही खेळ आणि योगाला सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळू लागले. श्रेयांक आले, सर आले नाहीत.

जिथे संस्थेनं मनावर घेतलं तिथे चित्र वेगळं दिसतं. खान्देश कॉलेज एज्युकेशन सोसायटीनं जळगावात एकलव्य क्रीडा संकुल उभं केलं. पोहण्याच्या तलावासकट. शहरातली शाळकरी पोरंही तिथे येतात. जागा होती, पैसा उभा राहिला आणि संचालक मंडळाला ते करावंसं वाटलं. प्रत्येक संस्थेची ऐपत तेवढी नसेल. पण तालुक्याच्या गावी संस्थेकडे निदान पाच-सहा एकर मोकळी जमीन असते, ती शहरातल्या कॉलेजांनी स्वप्नात पाहावी अशी. त्या जमिनीवर पहिला डोळा असतो तो डी.फार्मसी, बी.एड. किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या इमारतीचा. विनाअनुदानित अभ्यासक्रमातून फी येते, धावपट्टीतून येत नाही. संस्थाचालकांचा हा हिशेब समजण्यासारखा आहे, पटण्यासारखा नाही.

कॉलेजाचा वाटा नेमका किती, हे इथल्या सर्वांत मोठ्या नावाकडे पाहूनही कळतं. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. ते घडले तालमीच्या मातीत. खान्देशातल्या बहुतेक मोठ्या खेळाडूंच्या मागे तालीम, व्यायामशाळा, एखादं क्रीडा मंडळ किंवा नाशिक-पुण्याची अकादमी असते. कॉलेज त्यांना प्रमाणपत्र देतं, वाढीव गुण देतं, विद्यापीठाचा रंग देतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण असल्यामुळे खेळाच्या प्रमाणपत्राला पोलीस भरतीच्या रांगेत वजन आहे. या वजनामुळेच राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आली आणि पडताळणी कडक झाली. म्हणजे पुन्हा कागद नीट ठेवणारा माणूस हवा.

पुढच्या विकास आराखड्यात काय असावं याच्या मोठ्या चर्चा विद्यापीठात होतील, त्या होऊ देत. मला सांगायचं आहे ते संस्थांच्या सभासदांना. तुमच्या घरात आजोबांच्या नावाची सभासदत्वाची पावती असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस तुम्हाला येतेच. यंदा सभेला जा, अहवालाची पानं उलटा आणि दोन प्रश्न लेखी द्या. विद्यार्थ्यांकडून जिमखाना फी किती जमली आणि त्यातली मैदानावर किती खर्च झाली? शारीरिक शिक्षण संचालकाचं पद भरलेलं आहे का, नसेल तर भरण्याचा प्रस्ताव सहसंचालकांकडे कधी पाठवला? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पुढच्या वर्षी तेच इतिवृत्त हातात घेऊन पुन्हा उभे राहा.