लाकडी चाकासाठी फळी कोणती घ्याल?

मुलांनो, नळावरून किंवा टँकरवरून पाण्याचे कॅन घरी आणण्यासाठी एखादी छोटी चारचाकी गाडी आपणच तयार केली तर? तिची चौकट करणे फारसे अवघड नाही. खरी कसोटी असते ती चाकांची. वीस लिटरचे दोन कॅन म्हणजे ४० किलो पाणी. गाडी सपाट जमिनीवर असेल तर प्रत्येक चाकावर साधारण १० किलो भार येईल. पण रस्त्यात खड्डा लागून एक चाक अधांतरी झाले की बहुतेक सगळा भार समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतील चाकांवर पडतो. म्हणजे एकेका चाकावर २० किलो, आणि शिवाय हिसका! अशा वेळी चाक दुभंगले तर पाणी सांडेलच, पण कॅन पायावर पडून इजाही होईल. तेव्हा करवत हाती घेण्यापूर्वी लाकडाचा स्वभाव समजून घेऊ.

ओंडक्याची चकती का नको?

‘ओंडका मुळातच गोल असतो. मग त्याची आडवी चकती कापली की झाले चाक!’ असे तुम्हाला वाटेल. पण अशी चकती काही दिवस उन्हात ठेवून पाहा. परिघापासून मध्यापर्यंत एक मोठा तडा पडलेला दिसेल.

असे का होते? लाकडातील तंतू खोडाच्या उंचीच्या दिशेने उभे असतात. ओल्या लाकडात तंतूंच्या भिंतींतही पाणी असते. लाकूड वाळले की ते पाणी निघून जाते आणि तंतू बारीक होतात. त्यांची लांबी मात्र जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून लाकूड लांबीत आकसत नाही, रुंदीत आकसते. त्यातही एक गंमत आहे. खोडातील वलयांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. परीघ जास्त आखडू पाहतो, त्रिज्या तितकी आखडत नाही. मग ताण असह्य होऊन चकती तडकते.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वीच उमगली होती. स्लोव्हेनिया देशात ल्युब्लियाना शहराजवळच्या दलदलीत २००२ मध्ये एक लाकडी चाक सापडले. ते ५,००० वर्षांहून जुने आहे. ते ओंडक्याची चकती कापून केलेले नाही, तर ॲश झाडाच्या दोन फळ्या आडव्या पट्ट्यांनी जोडून केलेले आहे.

एकाच फळीचे चाक

मग रुंद फळीतून गोल कापला तर? तडा लगेच पडणार नाही, पण दोन अडचणी येतील.

पहिली अडचण बळकटीची. जळाऊ लाकूड फोडताना पाहिले आहे ना? कुऱ्हाड उभी घातली तर ओंडका एका घावात दुभंगतो. आडवा तोडायचा तर घाम निघतो. तंतू तोडणे कठीण असते, पण एकमेकांपासून विलग करणे सोपे असते. फळीतून कापलेल्या चाकात तंतू एकाच दिशेने जातात. चाक फिरताना भार मात्र सर्व दिशांनी येतो. जेथे तो तंतूंना विलग करू पाहील, तेथे चाक फाटण्याची भीती असते.

दुसरी अडचण आकाराची. उन्हाळ्यात लाकूड कोरडे पडते आणि पावसाळ्यात दमट हवा शोषून फुगते. समजा, २८ सें.मी. व्यासाचे चाक तंतूंच्या आडव्या दिशेने २ टक्के फुगले. म्हणजे एक व्यास साडेपाच मि.मी.ने वाढला आणि दुसरा होता तेवढाच राहिला. चाक लंबगोल झाले! आता गाडी प्रत्येक फेऱ्यात दोनदा वर-खाली होणार.

बैलगाडीचे चाक करणारा सुतार ही अडचण कशी सोडवतो, ते पाहा. आऱ्यांचे तंतू तुंब्यापासून परिघाकडे जातात आणि परिघाच्या तुकड्यांचे तंतू परिघाच्या दिशेने. वरून तापवलेली लोखंडी धाव बसवतात. ती थंड होताना आकसते आणि सारे सांधे घट्ट आवळते. पण हे काम मोठ्या कौशल्याचे आहे. आपल्याला सोपा मार्ग हवा.

प्लायवुडची युक्ती

तो मार्ग म्हणजे प्लायवुड. कारखान्यात ओंडका यंत्रावर फिरवून त्याला लांब पाते लावतात. पेन्सिलला टोक करताना सलग साल निघते ना, तसा लाकडाचा पातळ, लांबच लांब पापुद्रा निघतो. हे पापुद्रे एकावर एक चिकटवताना प्रत्येकाचे तंतू खालच्या पापुद्र्याच्या तंतूंशी काटकोनात ठेवतात. एक पापुद्रा ज्या दिशेने फुगू पाहतो, त्याच दिशेने शेजारच्याचे लांब तंतू त्याला धरून ठेवतात. फाटण्याच्या बाबतीतही तसेच. त्यामुळे प्लायवुड दोन्ही दिशांनी जवळजवळ सारखेच मजबूत असते आणि फुगतेही फार थोडे.

पापुद्र्यांची संख्या बहुधा विषम असते : तीन, पाच, सात किंवा अधिक. याचे कारण तुमच्या वहीच्या पुठ्ठ्यात सापडेल. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद डकवला तर वाळताना तो वाकतो. दोन्ही बाजूंना डकवला तर सरळ राहतो. विषम संख्येमुळे मधल्या पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते आणि फळी वाकत नाही.

दुकानात ब्लॉकबोर्ड आणि एम.डी.एफ. हेही मिळतात. ब्लॉकबोर्डच्या पोटात लाकडी पट्ट्या एकाच दिशेने असतात, त्यामुळे गोल कापल्यावर कडा सर्वत्र सारखी राहत नाही. साधा एम.डी.एफ. लाकडाच्या भुशासारख्या बारीक तंतूंचा असतो. पाणी लागले की तो फुगतो. पाण्याच्या गाडीला दोन्ही नकोत.

पारख कशी करावी?

१. कडा पाहा. पापुद्रे मोजा. १२ मि.मी. जाडीत तीन जाड पापुद्र्यांपेक्षा सात पातळ पापुद्रे चांगले. मध्ये पोकळी किंवा भोके दिसली तर तो तुकडा नको.

२. बोटाच्या पेराने जागोजागी ठोका. आवाज एकदम पोकळ आला तर तेथे पापुद्रे सुटलेले असण्याचा संभव आहे.

३. कडेला डोळा लावून लांबवर पाहा. फळी वाकलेली असेल तर चाक डुलेल.

४. शिक्का वाचा. भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो करतो, पण ‘आय.एस.आय.’ हे चिन्ह कायम आहे. ‘एम.आर.’ म्हणजे दमट हवेत टिकणारे आणि ‘बी.डब्ल्यू.आर.’ म्हणजे उकळत्या पाण्यातही सांधा न सोडणारे प्लायवुड. आपल्याला दुसरे हवे. आय.एस. ७१० हा क्रमांक मरीन प्लायवुडचा. ते याहून चिवट आणि महाग असते.

५. शिक्का नसलेला तुकडा मिळाला तर त्याचा कोपरा कापून एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मग वाळवा. असे दोनदा करा. पापुद्रे सुटले नाहीत तर तो कामाचा.

किती आणि कोठून?

प्लायवुडचा मोठा ताव ८ × ४ फुटांचा असतो. तो सबंध घेण्याचे कारण नाही. १२ मि.मी. जाडीच्या, २८ सें.मी. व्यासाच्या दोन चकत्या चिकटवून एक चाक करू. चार चाकांना आठ चकत्या लागतील. ३० सें.मी.चे आठ चौरस ४ × २ फुटांच्या तुकड्यात, म्हणजे १२२ × ६१ सें.मी.मध्ये, नीट बसतात. हा तावाचा फक्त चौथा हिस्सा झाला. फर्निचर करणाऱ्या सुतारकाकांकडे एवढे तुकडे बरेचदा उरतात. सुट्या ३० सें.मी.च्या चौकोनांनीही काम भागते. त्यांना जाडी सुतात सांगा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून १२ मि.मी. म्हणजे साधारण चार सूत.

दोन चकत्या चिकटवताना वरचे तंतू एकमेकांशी काटकोनात ठेवा. कापण्याचे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करा. कापलेल्या कडेवर तंतूंची उघडी टोके असतात आणि ती पाणी पितात. म्हणून कडेला रंगाचे दोन-तीन हात द्या. कडेत खिळे मात्र मारू नका, पापुद्रे उकलतील.

चाके तयार झाली की त्यांच्यावर काटकोनात दोन व्यास आखा आणि त्यांची लांबी मि.मी.पर्यंत मोजून वहीत लिहा. उन्हाळ्यात एकदा, भर पावसाळ्यात एकदा. शेजारी साध्या फळीची एक चकतीही ठेवा आणि तिचेही व्यास मोजा. कोणते चाक गोल राहिले, ते आकडेच तुम्हाला सांगतील.